फिरणाऱ्या वस्तूची गतिज ऊर्जा : एका राशीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात परिवलन गतीचे प्रकरण सरळ रेषेतील गतीनंतर येते. प्रथम वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी राशी म्हणजे गतिज ऊर्जा, असे सांगितले जाते. त्यानंतर फिरणाऱ्या वस्तूचे असंख्य लहान कणांत विभाजन करून प्रत्येक कणाच्या ऊर्जेची बेरीज केली जाते, आणि जडत्व परिबल व कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी राशी हाती येते. ही मांडणी अध्यापनाच्या दृष्टीने सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे विद्यार्थ्याची अशी समजूत होते की, सरळ गतीची ऊर्जा आधी समजली आणि परिवलनाची ऊर्जा हा तिचा उत्तरकालीन विस्तार होय. इतिहास पाहता हा क्रम बव्हंशी उलटा दिसतो. वेगाच्या वर्गाला यांत्रिकीत जे स्थान मिळाले, ते मिळवून देण्यात लंबक, पाणचक्की आणि वाफेच्या यंत्राचे चाक या फिरत्या किंवा झुलत्या वस्तूंचा वाटा फार मोठा आहे. प्रस्तुत लेखात त्या वाटचालीचा मागोवा घेतला आहे.

कुंभाराचे चाक : अनुभव आणि संकल्पना

फिरत्या वस्तूत काहीतरी साठून राहते, हा अनुभव शास्त्राहून कितीतरी जुना आहे. आपल्याकडील कुंभार काठीने जड चाकाला गती देतो, काठी बाजूला ठेवतो आणि मग दोन्ही हातांनी मातीला आकार देतो. चाक जड असते आणि त्याचे वजन शक्य तितके कडेकडे ठेवलेले असते. समजा, अशा चाकाचे वस्तुमान ४० किलोग्रॅम आहे, ते जवळजवळ सर्व ४० सेंटिमीटर त्रिज्येच्या कडेवर आहे आणि चाक मिनिटाला १०० फेरे घेत आहे. जडत्व परिबल ४० गुणिले ०.४ चा वर्ग, म्हणजे ६.४ किलोग्रॅम-चौरस मीटर. कोनीय वेग सेकंदाला सुमारे १०.५ रेडियन. ऊर्जा येते सुमारे ३५० ज्यूल. हेच चाक जमिनीपासून जवळजवळ ९० सेंटिमीटर उंच उचलण्यासाठी जेवढे कार्य करावे लागेल, तेवढी ही ऊर्जा आहे.

ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत कुंभाराच्या चाकाचा दृष्टान्त आहे. कुंभाराचा व्यापार संपला तरी चाक संस्कारामुळे फिरत राहते. त्याप्रमाणे ज्ञान झाल्यानंतरही शरीर काही काळ टिकून राहते, असा त्याचा आशय. वैशेषिक दर्शनातही वेग हा संस्काराचा एक प्रकार मानला आहे. या उल्लेखांवरून प्राचीनांना गतिज ऊर्जेचा सिद्धान्त ठाऊक होता, असे अनुमान काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा. दृष्टान्तातील निरीक्षण अचूक आहे. मात्र किती साठले, वेग दुप्पट केल्यास ते किती पटींनी वाढेल, हा प्रश्न तेथे विचारलेलाच नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो प्रश्न आहे, आणि तो युरोपात सतराव्या शतकात विचारला गेला.

गॅलिलिओच्या कागदावरील तफावत

१६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात गॅलिलिओने उतरणीच्या प्रयोगाचे वर्णन केले आहे. लाकडी तुळईत गुळगुळीत खाच कोरायची, तीत काशाचा कठीण, वाटोळा गोळा सोडायचा आणि भांड्यातून गळणाऱ्या पाण्याच्या वजनावरून काळ मोजायचा. कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे त्याने यावरून दाखविले. गोळा घसरत नव्हता, गडगडत होता. गडगडणाऱ्या गोळ्याची ऊर्जा दोन ठिकाणी विभागली जाते : काही भाग पुढे जाण्यात, काही भाग स्वतःभोवती फिरण्यात. भरीव गोलाच्या बाबतीत सपाट पृष्ठभागावर हे प्रमाण पाचास दोन असे असते. म्हणजे एकूण ऊर्जेचा दोन-सप्तमांश भाग फिरण्यात जातो. हे प्रमाण उतरणीवर सर्वत्र सारखेच राहत असल्याने काळाच्या वर्गाचा नियम अबाधित राहतो. गॅलिलिओचा निष्कर्ष त्यामुळे बाधित झाला नाही, आणि त्याच कारणामुळे परिवलनाचा वाटा त्याच्या लक्षातही आला नाही.

परंतु एका ठिकाणी तो वाटा आकड्यांत उमटला आहे. फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गॅलिलिओची टिपणे जपून ठेवलेली आहेत. त्यांतील ११६ व्या पृष्ठाकडे कॅनडातील इतिहासकार स्टिलमन ड्रेक यांनी १९७३ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. हे टिपण साधारणपणे १६०८ च्या सुमाराचे मानले जाते. त्यात गोळा उतरणीवरून सोडून मेजाच्या कडेवरून आडवा फेकला गेल्यावर तो किती दूर पडतो, याच्या नोंदी आहेत. मेजाची उंची ८२८ पुंती. एक पुंतो म्हणजे मिलिमीटरहून किंचित कमी. गोळा ३०० पुंती उंचीवरून सोडला असता तो ८०० पुंतींवर पडला. आता गोळा न फिरता केवळ घसरत खाली आला असता तर हे अंतर किती झाले असते? दोन्ही उंचींच्या गुणाकाराच्या वर्गमुळाची दुप्पट, म्हणजे सुमारे ९९७ पुंती. परिवलनाचा दोन-सप्तमांश वाटा वजा केला की उत्तर येते सुमारे ८४२. खाचेतून गडगडताना गोळा तळाशी न टेकता खाचेच्या दोन कडांवर टेकत असेल तर तितक्याच पुढच्या गतीसाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते, आणि हा आकडा आणखी खाली येतो. ८०० हे माप अशा रीतीने समजू शकते.

गॅलिलिओने मात्र ८०० हाच आकडा आधार म्हणून घेतला आणि ६००, ८०० व १००० पुंती उंचींसाठीची अंतरे त्याच्या प्रमाणात काढली. ६०० साठी ११३१ अपेक्षित होते, मिळाले ११७२. १००० साठी १४६० अपेक्षित होते, मिळाले १५००. या नोंदींतून त्याला नेमके काय तपासायचे होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. एवढे मात्र खरे की, प्रमाण पाहिल्यास नियम बसतो आणि निरपेक्ष अंतर पाहिल्यास बसत नाही. परिवलनाचा वाटा विचारात येण्यापूर्वीच मापनात येऊन बसला होता. याला गॅलिलिओची चूक म्हणणे अन्यायाचे ठरेल. ज्या राशीला नाव नाही, तिची वजाबाकी कोणी करावी?

हायगेन्सचा लंबक

या राशीपर्यंत पोहोचण्याची पहिली वाट घड्याळातून गेली. एका दोऱ्याला टांगलेला बिंदुमात्र भार हा साधा लंबक. त्याचा आवर्तकाल लांबीवरून ठरतो. परंतु प्रत्यक्षातील लंबक म्हणजे जाडी असलेला दांडा आणि त्याच्या टोकाचे भिंग. त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्र असता तर वेगवेगळ्या कालाने झुलला असता. वरचे भाग घाई करतात, खालचे रेंगाळतात, आणि एकत्र जखडलेले असल्याने सर्वांना एकच चाल पत्करावी लागते. मग अशा जड लंबकाशी समकालिक असणाऱ्या साध्या लंबकाची लांबी किती? 'दोलनकेंद्रा'चा हा प्रश्न फ्रेंच पाद्री मेर्सेन याने क्रिस्तियान हायगेन्स याच्यापुढे त्याच्या पोरवयातच ठेवला होता. उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली. ते १६७३ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झालेल्या हायगेन्सच्या लंबक-घड्याळाविषयीच्या ग्रंथात, चौथ्या भागात आले.

हायगेन्सने धरलेले गृहीतक वरवर अगदी साधे आहे. भारांचा समूह केवळ स्वतःच्या वजनाने हालचाल करीत असेल, तर त्याचा सामाईक गुरुत्वमध्य सुरुवातीच्या उंचीपेक्षा वर जाऊ शकत नाही. तसे झाले तर न थांबणारे यंत्र तयार करता येईल, आणि ते अशक्य आहे. यानंतरची त्याची कल्पना खरोखरच विलक्षण म्हणावी लागेल. लंबक तळाशी आला की त्या क्षणी त्याचे सर्व भाग एकमेकांपासून सुटे झाले, असे समजा. प्रत्येक भाग आपापल्या वेगाने वर जाईल, आणि तो किती उंच जाईल हे त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून राहील. या सर्व भागांचा गुरुत्वमध्य जेवढा खाली आला होता, तेवढाच वर गेला पाहिजे. आता जखडलेल्या वस्तूत प्रत्येक भागाचा वेग हा टांगण्याच्या बिंदूपासूनच्या अंतराच्या प्रमाणात असतो. त्यामुळे वेगाच्या वर्गाच्या जागी अंतराचा वर्ग येतो, आणि प्रत्येक भागाचे वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग, यांची बेरीज अटळपणे गणितात शिरते. ती बेरीज भागिले एकूण वस्तुमान व गुरुत्वमध्याचे अंतर यांचा गुणाकार, म्हणजे समकालिक लंबकाची लांबी.

एका टोकाला टांगलेला एकसारखा दांडा घेतला तर उत्तर दांड्याच्या लांबीच्या दोन-तृतीयांश येते. एक मीटरचा दांडा सुमारे ६६.७ सेंटिमीटर लांबीच्या साध्या लंबकाप्रमाणे झुलतो. हे कोणालाही पट्टी आणि दोरा घेऊन पडताळून पाहता येईल.

या सिद्धतेत आजच्या सूत्राचे सर्व घटक हजर आहेत. फिरत्या वस्तूची ऊर्जा आहे, जडत्व परिबल आहे, ऊर्जेची अक्षय्यताही आहे. नाव मात्र एकालाही नाही. 'ऊर्जा' हा शब्द नाही, अंतराच्या वर्गांच्या बेरजेला स्वतंत्र संज्ञा नाही, अर्धा हा गुणकही नाही. हायगेन्सच्या समकालीनांना हे सहज पटले, असेही नाही. रोबेरव्हालने आक्षेप घेतले. १६८१-८२ मध्ये ॲबे कातलां याने मूळ गृहीतकच अमान्य केले. त्या वादातून याकोब बर्नुली याने तरफेच्या समतोलावरून तेच उत्तर काढण्याचा प्रयत्न केला आणि तो १७०३ मध्ये सफल झाला. एकाच उत्तराकडे जाणाऱ्या दोन वाटा तयार झाल्या : एक बलांची, दुसरी वेगाच्या वर्गाची.

वेग की वेगाचा वर्ग?

लायब्निट्सने १६८६ मध्ये देकार्तवर जो हल्ला चढविला, तो हायगेन्सच्या ग्रंथानंतर तेरा वर्षांनी. देकार्तच्या मते विश्वात अक्षय्य राहणारी राशी म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. लायब्निट्सने दाखविले की, एक भाराची वस्तू चार एकक उंचीवरून पडणे आणि चार भारांची वस्तू एक एकक उंचीवरून पडणे यांत सारखेच सामर्थ्य असले पाहिजे. पण पहिलीचा वेग दुसरीच्या चौपट नसून दुप्पटच असतो. म्हणून मोजमाप वेगाच्या वर्गाने व्हावे. या राशीला पुढे 'विस व्हिवा', म्हणजे जिवंत बल, हे नाव मिळाले. यानंतरचा वाद अर्धशतकाहून अधिक चालला. हॉलंडमध्ये स्खाव्हसांड याने १७२२ च्या सुमारास मऊ मातीत पितळेचे गोळे टाकून खळग्यांचे आकारमान तपासले. फ्रान्समध्ये एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात वर्गाची बाजू उचलून धरली. हा भाग विज्ञानेतिहासात वारंवार सांगितला जातो, तेव्हा येथे विस्तार नको.

ऑयलर : राशीला नाव मिळते

लेओनार्ड ऑयलर याचा प्रश्न वेगळा होता. समुद्रातील जहाज डोलते, पृथ्वीचा अक्ष हळूहळू सरकतो. या वस्तूंना टांगण्याचा ठरावीक बिंदू नाही. त्या कोणत्याही अक्षाभोवती फिरू शकतात, आणि तो अक्षही बदलू शकतो. १७६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दृढ वस्तूंच्या गतीवरील ग्रंथात त्याने वस्तुमान आणि अक्षापासूनच्या अंतराचा वर्ग यांच्या बेरजेला लॅटिनमध्ये जे नाव दिले, त्याचा शब्दशः प्रतिशब्द म्हणजे मराठीतील 'जडत्व परिबल'. काही ग्रंथांत 'निरूढी परिबल' असेही म्हटले जाते. नाव देण्यामागे विचार होता. सरळ गतीत जे काम जडत्व म्हणजे वस्तुमान करते, तेच काम फिरण्यात ही बेरीज करते. गोल, दंडगोल, शंकू अशा अनेक आकारांसाठी त्याने ती काढून दिली.

येथे गणनेचे मर्म थोडक्यात सांगणे इष्ट होईल. वस्तुमान ही वस्तूची ठरलेली राशी. जडत्व परिबल तसे नाही. ते अक्ष कोठे आहे आणि वस्तुमान त्याच्याभोवती कसे पसरले आहे यावर अवलंबून असते. समान वस्तुमान व त्रिज्येचे कडे, तबकडी आणि भरीव गोल घेतले, तर मध्यावरील अक्षाभोवती त्यांची जडत्व परिबले अनुक्रमे वस्तुमान गुणिले त्रिज्येचा वर्ग याच्या एकपट, निमपट आणि दोन-पंचमांश असतात. म्हणून ती उतरणीवरून एकाच वेळी सोडली तर गोल प्रथम येतो, तबकडी दुसरी आणि कडे शेवटी. कड्याची निम्मी ऊर्जा फिरण्यातच अडकलेली असते. तबकडीची एक-तृतीयांश, गोलाची दोन-सप्तमांश. वस्तू लहान असो वा मोठी, हलकी असो वा जड, या क्रमात फरक पडत नाही. विद्यार्थ्यांना आजही याचे आश्चर्य वाटते.

स्मीटनची पाणचक्की

गणितज्ञांच्या या कामाची इंग्लंडमधील गिरणीबांधणाऱ्यांना फारशी खबर नव्हती. तेथील कारागीर न्यूटनच्या परंपरेत वाढलेले. त्यांच्या लेखी गतीचे माप म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. या मापावर आधारलेल्या सिद्धान्ताने पाणचक्क्यांविषयी दिलेली उत्तरे प्रत्यक्षाशी जुळत नसत. जॉन स्मीटन या अभियंत्याने प्रतिकृती बनवून पाणचक्क्या आणि पवनचक्क्या यांचे प्रयोग केले. १७५९ मध्ये ते रॉयल सोसायटीपुढे आले आणि त्याला कॉप्ली पदक मिळाले. वरून पाणी पडणारी चक्की खालून पाणी आदळणाऱ्या चक्कीच्या जवळजवळ दुप्पट काम देते, हा त्यातील प्रसिद्ध निष्कर्ष.

त्याचे १७७६ चे संशोधन त्या मानाने दुर्लक्षित राहिले. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तेच अधिक मोलाचे आहे. वेगवेगळे वेग निर्माण करण्यास किती यांत्रिक सामर्थ्य खर्चावे लागते, हे त्याला मोजायचे होते. त्यासाठी त्याने पडणारा गोळा घेतला नाही, फिरणारी वस्तू घेतली. उभ्या आसावर आडवे दांडे, त्यांवर शिशाचे भार, आसाला गुंडाळलेली दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला पारड्यातील वजन. वजन खाली येताना आस फिरू लागतो. भार आसापासून जवळ किंवा दूर ठेवता येत. दोरी लहान किंवा मोठ्या रिळावर गुंडाळता येई. निष्कर्ष स्पष्ट होता : वेग दुप्पट हवा असेल तर वजन चौपट उंचीवरून खाली आणावे लागते. तात्त्विक वादात कोणाची बाजू खरी, यापेक्षा गिरणीमालकाचे पाणी वाया जाते की नाही, याची स्मीटनला अधिक काळजी होती; आणि बहुधा त्यामुळेच त्याचा युक्तिवाद इतका सुटसुटीत उतरला.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळांत फ्लायव्हीलचे जडत्व परिबल काढण्याचा जो प्रयोग केला जातो, तो याच उपकरणाचा वंशज म्हणता येईल. दोरीचे वजन खाली येते, त्याची स्थितिज ऊर्जा तीन ठिकाणी वाटली जाते : वजनाची स्वतःची गती, चाकाचे फिरणे आणि आसाचे घर्षण. दोरी सुटल्यानंतर चाक थांबेपर्यंत किती फेरे घेते, यावरून घर्षणाचा वाटा काढायचा आणि उरलेल्यावरून जडत्व परिबल. प्रयोगवहीत अनेकदा हे सूत्र तेवढे उतरवून आकडे भरले जातात. घर्षणाची ती वजाबाकी वगळली तर उत्तर हमखास चुकते, याकडे दुर्लक्ष होते.

वाफेचे यंत्र आणि चौपट साठा

वाफेच्या यंत्राचा दट्ट्या पुढे-मागे चालतो. दोन्ही टोकांना त्याचा जोर क्षणभर शून्य होतो. सूतगिरणीला अखंड, एकसारखी फिरकी हवी. मधली खोट भरून काढणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. १७८० मध्ये बर्मिंगहॅमच्या जेम्स पिकार्ड याने वाफेच्या यंत्रासाठी भुजेचे, म्हणजे क्रँकचे, पेटंट घेतले. जेम्स वॉटला ती वाट बंद झाल्याने १७८१ मध्ये त्याने 'सूर्य-ग्रह' दातेरी चाकांची योजना पेटंटमध्ये नोंदविली. दट्ट्याच्या दांड्याला जखडलेले 'ग्रह' चाक 'सूर्य' चाकाभोवती फिरते. दोन्ही चाके सारखी असल्यास दट्ट्याच्या एका येरझारीत मुख्य आस दोनदा फिरतो. केवळ कायद्याची अडचण चुकविण्यासाठी काढलेली ही पळवाट, असे तिचे वर्णन केले जाते. ते अपुरे आहे. आसाचा वेग दुप्पट झाला की तेच चाक चौपट ऊर्जा साठविते. किंवा तेवढाच साठा एक-चतुर्थांश वजनाच्या चाकात मावतो. ओतीव लोखंडाच्या त्या काळातील किमती आणि कारखान्याचे पाये लक्षात घेता ही लहान गोष्ट नव्हे.

एक उदाहरण घेऊ. फ्लायव्हीलच्या कडेचे वस्तुमान ३ टन, सरासरी त्रिज्या २ मीटर, मिनिटाला ६० फेरे. जडत्व परिबल १२,००० किलोग्रॅम-चौरस मीटर, कोनीय वेग सेकंदाला ६.२८ रेडियन, ऊर्जा सुमारे २ लक्ष ३७ हजार ज्यूल. एक टन वजन २४ मीटर उंच नेण्याइतका हा साठा आहे. यंत्रावर अचानक भार पडून वेग दहा टक्क्यांनी घटला तर ऊर्जा दहा नव्हे, एकोणीस टक्क्यांनी घटते. म्हणजे सुमारे ४५,००० ज्यूल बाहेर पडतात. दहा अश्वशक्तीचे यंत्र सहा सेकंदांत जेवढे काम करील, तेवढे हे काम होय.

अर्धा कोठून आला?

लाग्रांझने १७८८ च्या ग्रंथात वर्गाच्या राशीपुढे अर्धा हा गुणक वापरला होता, पण तेथे तो गणिताच्या सोयीपुरता होता. त्याला अर्थ दिला तो फ्रान्समधील अभियंता-प्राध्यापकांनी. यंत्रात घातलेले काम आणि चाकात साठलेले जिवंत बल यांचा ताळेबंद मांडायचा, तर दोन्ही एकाच मापात हवीत. बल गुणिले अंतर हे कामाचे माप घेतले की दुसऱ्या बाजूला वर्गाची राशी निम्मीच येते. गास्पार कोरिऑलिस याने १८२९ मध्ये यंत्रांच्या कार्याची गणना करण्याविषयीच्या ग्रंथात 'कार्य' ही संज्ञा पक्की केली आणि जिवंत बलाची व्याख्याच या निम्म्या राशीने करावी, असे सुचविले. मेत्स येथे कारागिरांना यांत्रिकी शिकविणाऱ्या पाँसलेचा विचारही याच दिशेने चालला होता. अर्धा हा गुणक अशा प्रकारे हिशेबाच्या गरजेतून आला. कोरिऑलिसने १८३५ मध्ये बिलियर्डच्या चेंडूंवरही एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. घसरणे आणि गडगडणे यांतील ज्या भेदाने गॅलिलिओला हुलकावणी दिली होती, तो भेद येथे मेजावरच्या खेळात तपशिलाने मोजला गेला.

नाव सर्वांत शेवटी आले. टॉमस यंगने १८०७ मध्ये वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग या राशीसाठी 'एनर्जी' हा शब्द सुचविला, रँकिनने १८५३ मध्ये 'प्रत्यक्ष' आणि 'स्थितिज' ऊर्जा असे भेद केले, आणि विल्यम टॉमसन व पीटर टेट यांच्या १८६२ च्या लेखातून 'गतिज ऊर्जा' हे नाव रूढ झाले. हायगेन्सच्या ग्रंथाला तोवर १८९ वर्षे झाली होती.

चाक फुटते तेव्हा

या गणनेला कारखान्यात जीवनमरणाचा अर्थ होता. वेग-नियंत्रकाचा पट्टा तुटला किंवा एकाएकी भार निघून गेला की यंत्र सुसाट धावू लागे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, आणि कडेला फाडू पाहणारा ताणही चौपट. कडेतील हा ताण कडेच्या द्रव्याची घनता गुणिले कडेच्या वेगाचा वर्ग एवढा असतो. चाक मोठे की लहान, याने त्यात फरक पडत नाही. म्हणूनच एकोणिसाव्या शतकातील अभियंते ओतीव लोखंडी चाकाच्या कडेचा वेग साधारणपणे मिनिटाला एक मैलाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे २७ मीटरच्या आसपास राखत. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या केस स्कूल ऑफ अप्लाइड सायन्समध्ये चार्ल्स बेंजामिन यांनी शतकाच्या अखेरीस लहान चाके मुद्दाम वेग वाढवून फोडून पाहिली. अखंड कडेची चाके सेकंदाला सुमारे ४०० फूट वेगापर्यंत टिकत. तुकडे बोल्टने जोडलेली चाके त्याच्या बरीच आधी फुटत. मोठी चाके वाहतुकीच्या सोयीसाठी तुकड्यांतच ओतली जात, हे लक्षात घेतले म्हणजे धोका कोठे होता ते कळते.

याच विचाराची दुसरी बाजू साठवणुकीची आहे. कड्यात दर किलोग्रॅममागे जास्तीत जास्त किती ऊर्जा साठविता येईल, हे द्रव्याची ताण सोसण्याची क्षमता भागिले घनतेची दुप्पट, या राशीवरून ठरते. येथे जडपणा उपकारक राहत नाही, उलट आड येतो. कुंभारापासून वॉटपर्यंत सर्वांनी चाक जड केले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चाक हलके, बळकट आणि अतिवेगवान करण्याकडे कल गेला, तो यामुळे.

या दोन्ही युगांच्या सीमेवर स्वित्झर्लंडमधील ओर्लिकॉन कंपनीची जायरोबस उभी आहे. १९५३ ते १९६० या काळात ती यव्हेर्दाँ येथे प्रवासी वाहत होती. बसच्या मध्यभागी दीड टन वजनाचे, १.६ मीटर व्यासाचे पोलादी चाक मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत फिरविले जाई. थांब्यावर विजेने चाकाला वेग द्यायचा आणि त्या साठ्यावर पुढचे सुमारे सहा किलोमीटर जायचे. चाक सपाट तबकडी मानले तर साठा सुमारे ६.६ किलोवॅट-तास येतो, सर्व वस्तुमान कडेवर मानले तर १३.२, खरे चाक या दोहोंच्या दरम्यानचे. एक लिटर डिझेलच्या ज्वलनातून मिळणारी उष्णता दहा किलोवॅट-तासांच्या आसपास असते. बस मागे पडली. चाक मात्र पुन्हा आले : २०११ मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील स्टीफनटाउन येथे कार्बन तंतूंच्या कडेची २०० फ्लायव्हील असलेले २० मेगावॅटचे केंद्र सुरू झाले, आणि तेथे वीजजाळ्याच्या वारंवारतेतील क्षणोक्षणीचे चढउतार सावरण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले.